बक्षीस देण्याआधी घोड्याचं तोंड उघडा

दत्तजयंतीला शहादा तालुक्यातलं सारंगखेडा तापीकाठी गजबजतं. एकमुखी दत्ताच्या या यात्रेतला घोडेबाजार पिढ्यान् पिढ्या भरत आला आहे. राजस्थान, गुजरात, पंजाबातून मारवाडी, काठेवाडी घोडे येतात. अलीकडे त्याला ‘चेतक फेस्टिव्हल’ची जोड मिळाली, पर्यटक वाढले, नाचाच्या आणि धावण्याच्या स्पर्धा गाजू लागल्या. गावाच्या हाताला काम मिळालं, हे चांगलंच झालं. पण या बदलात घोड्याची राखण करणारी एक जुनी नजर मागे पडते आहे.

बाजारात घोडा घ्यायला आलेला माणूस जाणता असतो. दात पाहून वय काढतो, खूर उचलून बघतो, अंगावरचे भोवरे तपासतो, चालवून लंगडेपणा पारखतो. दुखऱ्या जनावराला तो पैसा मोजत नाही, म्हणून घोडा धडधाकट ठेवण्यात विकणाऱ्याचाच फायदा असतो. प्रेक्षकाला मात्र हवे असतात उंच उचललेले पाय आणि मोबाइलमधला व्हिडिओ. घोडा उमेदीने मान वर टाकतो की वेदनेने, हे त्याला कळत नाही.

ती वेदना कुठे होते ते बघा. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये नुसत्या हिरडीची मोकळी जागा असते. लगामाचं लोखंड तिथेच बसतं, आणि पातळ कातडीखाली लगेच हाड लागतं. त्या लोखंडाला काटे असले तर जरा ओढ बसताच तोंड सोलवटतं. असा काटेरी लगाम १९६५ च्या नियमांनी बंद केला आहे. तरी तो वरातीच्या घोड्यांच्या तोंडात सापडतो. प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. लाखांचा घोडा बाळगणाऱ्याला त्याची काय भीती?

दुसरा धोका साथीचा. ग्लँडर्स हा रोग घोड्याकडून माणसालाही होतो, त्यावर लस नाही, आणि बाधित घोडा मारावाच लागतो. अनेक राज्यांची जनावरं एका मैदानात येतात तेव्हा रक्ततपासणीचा दाखला पाहिल्याशिवाय एकही घोडा आत घेणं परवडणारं नाही. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही. पर्यटकांनी हौसेने चारलेलं भलतंसलतं पोटात अडकलं, तर पोटदुखीनेच तो दगावू शकतो.

आयोजकांनी घोड्यांची ही काळजी स्वतःहून घेतली नाही, तर उद्या न्यायालय हस्तक्षेप करील. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या फेऱ्या मारणाऱ्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि गाडीवानांच्या पोटावर पाय आला. २०१४ मध्ये न्यायालयाच्या बंदीने बैलगाडा शर्यती थांबल्या, त्या डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह सुरू झाल्या. त्या अटी आधीच पाळल्या असत्या तर मधली वर्षं कदाचित वाया गेली नसती. सारंगखेड्यात तशी बंदी आली तर चारा विकणाऱ्यापासून नाल ठोकणाऱ्यापर्यंत सगळ्यांचा हंगाम बुडेल.

घोड्याच्या तालबद्ध चालींच्या आंतरराष्ट्रीय ‘ड्रेसाज’ स्पर्धेत घोड्याच्या तोंडात ताजं रक्त दिसलं की स्वार बाद होतो. सारंगखेड्याच्या नाचस्पर्धेतही हे करता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. परीक्षकांशेजारी एक पशुवैद्य बसवावा आणि गुण देण्याआधी त्याने लगाम काढून घोड्याचं तोंड पाहावं.