वहीत बाईचं नाव कुठे आहे?

कामगार कायद्यांची चर्चा आपल्याकडे भांडण झाल्यावर सुरू होते. मजुरी बुडाली, हात यंत्रात गेला, मालकाने अंगावर हात टाकला, की मग कायद्याचं पुस्तक उघडायचं. पण कायद्याने मालकावर टाकलेली बरीचशी जबाबदारी माणसाला कामावर घेतानाची आहे. नाव, वय, काम, मजुरीचा दर, आगाऊ दिलेली रक्कम यांची नोंद तेव्हाच व्हायला हवी. आमच्या कसारा, खर्डी, शहापूर, मुरबाड पट्ट्यात नेमकी हीच पानं कोरी असतात. बाईचं तर पानच नसतं.

इथल्या कातकरी पाड्यांवर भरती कशी होते ते सांगते. भाताची लावणी उरकली की हाताला काम राहत नाही. घरातलं धान्य संपतं, पोरं तापाने फणफणतात, सण तोंडावर येतात. बरोबर त्याच वेळी वीटभट्टीचा शेठ किंवा त्याचा मुकादम पाड्यावर येतो आणि बयाणा देतो. दिवाळीनंतर कुटुंब भिवंडी-कल्याणकडच्या भट्टीवर जातं. आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते. हिशोब होतो तो पाऊस तोंडावर आला की. हजार विटांमागे दर, त्यातून बयाणा वजा, खर्ची वजा. उरलं तर हातात, नाही उरलं तर पुढच्या हंगामासाठी अंगावर.

या व्यवहारात कामाला घेतात ती 'जोडी'. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतात, तसंच हे. माती कालवायला, विटा थापायला, रचायला, वाहायला बाई पहाटेपासून असते. मात्र बयाणा घेतो नवरा, अंगठा त्याचा, हिशोबाला बसतो तोच. एका पाड्यावर मी बायांना विचारलं, "तुमच्या नावावर बयाणा किती?" एक म्हणाली, "आमचा कसला गं ताई? त्याचा हाय." मी विचारलं, "मग फेडतं कोण?" सगळ्याजणी हसल्या. उत्तर त्यांना माहीत होतं, फक्त ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

नाव नसल्याने काय बिघडतं, असं पाड्यावरचे पुरुषही विचारतात. घरातला पैसा एकच ना? मैत्रिणींनो, बिघडतं ते असं. बाळंतपणाची पगारी रजा मिळायला बारा महिन्यांत ८० दिवस काम केल्याचा पुरावा लागतो. भट्टीचा हंगाम त्याहून मोठा असतो, पण वहीत नसलेली बाई हे ८० दिवस कशाने दाखवणार? अपघात झाला तर ती कामगार होती की नवऱ्याला भाकरी द्यायला आली होती, इथून वाद सुरू होतो. नवऱ्याने टाकलं तर तिच्या सहा-सात महिन्यांच्या घामावर तिचा कागदोपत्री हक्क शून्य. कर्ज मात्र तिलाही सुटत नाही.

आणि जिला नवराच नाही तिचं काय? भट्टीला जोडी हवी असते. विधवा, टाकलेली बाई एकटी गेली तर तिला काम नाही. मग ती भावाला जोडीला घेते, नाहीतर तेरा वर्षांच्या मुलाला शाळेतून काढते. मालक म्हणतो, पोरगं आईला मदत करतं. पण चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायला पूर्ण बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीतली सवलत कुटुंबाच्या स्वतःच्या धंद्यातल्या मदतीसाठी आहे, शेठच्या भट्टीसाठी नाही. आणि बाई म्हणून भरतीतच डावलणं हा समान वेतन कायदा, १९७६ पासून गुन्हा आहे. आज वेतन संहितेतही भरतीतला भेदभाव मना आहे.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही. जानेवारी १९४५ मध्ये आपल्याच रेल्वेमार्गावरच्या टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं. त्यानंतर गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या साथीने उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी वेठ आणि लग्नगडीची पद्धत मोडून काढली. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी सावकाराकडे बांधला गेलेला माणूस. त्याच्या मागोमाग नवी नवरीही बांधली जायची. ज्या कर्जावर तिची सही ना अंगठा, ते तिने फेडायचं. आजची 'जोडी' याच हिशोबाची धाकटी बहीण आहे.

कायदा काय सांगतो? वेठबिगार निर्मूलन कायदा, १९७६ अजून जिवंत आहे. कर्जापायी काम सोडायची मोकळीक गेली, की ती वेठबिगारी. असं कर्ज कायद्याने रद्द होतं आणि ते वेठीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी धनकोवर असते. १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबवून घेणं हीसुद्धा घटनेच्या २३ व्या कलमाखालची वेठच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत आपल्याला धरून ठेवण्यासारखं आहे आणि भांडण्यासारखंही. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचं आहे. मजुरीची पावती द्यायची आहे. कपात कितीही असली तरी एकूण मजुरीच्या निम्म्याहून जास्त कापता येत नाही. कामावर येण्यासाठी दिलेला प्रवासखर्च तर वळता करूनच घेता येत नाही. पण कंत्राटी कामगारांचे नियम आता पन्नास कामगारांपासून पुढेच लागू होतात, आणि 'स्थलांतरित' म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेला. कसाऱ्याहून बिऱ्हाड डोक्यावर घेऊन भिवंडीला गेलेली कातकरीण राज्य ओलांडत नाही, म्हणून कायद्याच्या लेखी ती स्थलांतरितच नाही!

पडघा-भिवंडीच्या गोदामांत जाणाऱ्या आमच्या शिकलेल्या मुलींची गोष्ट वेगळी वाटते, पण तशी ती नाही. कंत्राटदार आधारकार्डाची झेरॉक्स घेतो आणि उद्यापासून ये म्हणतो. पत्र नाही, दर तोंडी, खरा मालक कोण ते माहीत नाही. लैंगिक छळाची तक्रार कुणाकडे करायची, हे कामावर घेताना कुणी सांगत नाही. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती आणि बाकीच्यांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, हे त्यांना आपल्याकडूनच कळतं.

काहीजण म्हणतील, बयाण्यावर बंदीच आणा. मला ते पटत नाही. श्रावणात चूल विझलेली असते तेव्हा बयाणा हाच आधार असतो, आणि बायाच तो मागतात. आगाऊ रक्कम देणं गुन्हा नाही, त्या रकमेत माणूस गहाण ठेवणं गुन्हा आहे. फरक ठरतो तो नोंदीने, दराने आणि सोडून जायच्या मोकळिकीने.

म्हणून माझं म्हणणं असं. सगळ्यांचं लक्ष जूनच्या हिशोबावर असतं, खरी लढाई मात्र गणपती ते दिवाळीत आहे. या काळात प्रत्येक पाड्यावर महिला मंडळाने आपली वही ठेवावी. बयाणा किती, दर किती, भट्टी कुणाची, बरोबर मुलं किती, आणि बाईचं नाव वेगळ्या ओळीवर, तिच्या स्वतःच्या अंगठ्यासह. मुकादमाचीही सही घ्यावी. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने आदिवासींना होणाऱ्या सावकारीवर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभेपर्यंत आणला आहे. बयाण्याची वही ग्रामसभेत वाचून दाखवायला कुणाची परवानगी लागत नाही. तिची एक प्रत तहसीलदाराकडे आणि एक कामगार अधिकाऱ्याकडे पोचती करावी.

शेठ कुरकुरेल. पाड्यावरचे पुरुषही म्हणतील, बाईचं नाव वेगळं कशाला? त्यांना इतकंच विचारावं: विटा थापताना हात वेगळे मोजता ना? मग नावही वेगळं लिहा.