सहाच्या बॅचमध्ये दोन जागा

पोहण्याच्या टँकमध्ये उतरण्याआधी आणखी एक टाके ओलांडावे लागते. कपडे बदलून, शॉवरखालून निथळत माणूस बाहेर येतो, तिथे वाटेतच पाय धुण्याचा उथळ हौद असतो. क्लोरीनचे पाणी, वीतभर काठ, बुळबुळीत फरशी. रोजच्या सभासदाला तो कधी ओलांडला हे आठवतही नाही. व्हीलचेअरवरचा माणूस मात्र तिथेच थांबतो. समोर निळे पाणी दिसत असते, पोरे मुटके मारत असतात, आणि त्याला अडवणारा असतो तो वीतभर काठ.

खरे तर बहुतेक जण त्या हौदापर्यंतही पोचत नाहीत. त्यांचे घोडे आधीच प्रवेशाच्या खिडकीवर अडते. अर्जासोबत डॉक्टरांचा दाखला लागतो. तो सगळ्यांनाच लागतो, त्यात गैर काही नाही. पण अर्जदार कुबडीवर आलेला असला, किंवा आईने बोट धरून आणलेला मुलगा हाक मारूनही वर बघत नसला, की खिडकीतला आवाज बदलतो. ‘आमच्याकडे तशी सोय नाही.’ ‘साहेबांना विचारावे लागेल.’ ‘उद्या काही झाले तर जबाबदारी कोणाची?’ तोंडावर नकार कोणी देत नाही. साहेब भेटत नाहीत एवढेच, आणि तोवर उन्हाळी शिबिराच्या जागा भरून जातात.

हे आवाहन त्या खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्यांसाठी आहे. मागणी अगदी लहान आहे. गावोगावच्या जलतरण मंडळांनी आणि पालिकेच्या तलावांनी येत्या हंगामात प्रत्येक बॅचमध्ये निदान दोन जागा दिव्यांग पोहणाऱ्यांसाठी ठेवाव्यात. वेगळी बॅच नको, दुपारची रिकामी वेळ नको. सकाळी सहाला बाकीचे पोहतात तीच बॅच, तोच कोच, तीच फी.

महाराष्ट्राने तर या कामात मागे राहण्याचे कारणच नाही. पॅरालिम्पिकमध्ये भारताला पहिले सुवर्णपदक मिळाले ते पोहण्यात, आणि ते मिळवणारा माणूस सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा. मुरलीकांत पेटकर लष्करात ईएमई या तांत्रिक दलात होते, बॉक्सिंग करत होते. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. एक मणक्यात अडकून राहिली. मुंबईत कुलाब्याच्या ‘अश्विनी’ या नौदलाच्या रुग्णालयात उपचार चालू असताना त्यांना पाण्यात उतरवले गेले ते व्यायाम म्हणून, पदकासाठी नव्हे. पुढे माजी कसोटीपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने दिव्यांग खेळाडूंना परदेशी जाण्यासाठी हात दिला, आणि 1972 साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला पेटकरांनी 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पार केले. तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. पद्मश्री मिळायला 2018 उजाडले आणि सिनेमा निघायला 2024. त्या उशिराबद्दल हळहळ बरीच झाली. त्यांच्या गोष्टीतली दुसरी बाब मात्र फारशी कोणी बोलले नाही: त्यांना पाण्यात उतरू देणारे एक ठिकाण होते, आणि तिथे ‘जबाबदारी कोणाची’ असे विचारून कोणी परत पाठवले नाही.

करमाळ्याचा सुयश जाधवही याच राज्यातला. शाळकरी वयात विजेच्या धक्क्याने त्याचे दोन्ही हात कोपराखाली गेले. पोहणाऱ्याचा पंजा म्हणजे त्याचे वल्हे. तेच नसल्यावर पाणी मागे लोटायचे कशाने? मग सगळी भिस्त खांद्यांवर, कमरेवर आणि पायांवर येते. सुयश 2016 साली रिओच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहला. 2018 च्या जकार्ता आशियाई पॅरा स्पर्धेत त्याने 50 मीटर बटरफ्लायचे सुवर्ण आणले, आणि 2020 चा अर्जुन पुरस्कारही त्याला मिळाला. कोल्हापूरचा स्वप्निल पाटील हा आणखी एक अर्जुन पुरस्कार विजेता पॅरा जलतरणपटू. मेक्सिकोत 2017 च्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत 200 मीटर मेडलीचे सुवर्ण जिंकणारी कांचनमाला पांडे विदर्भातली, आणि तिला अजिबात दिसत नाही.

दिसत नसताना भिंत आली हे कसे कळते, हा प्रश्न टँकवरच्या प्रत्येकाला पडतो. याचे उत्तर जवळून बघण्यासारखे आहे. लेनच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस काठी घेऊन उभा राहतो. काठीच्या टोकाला मऊ गोळा बसवलेला असतो. स्पंजचा चालतो, जुना टेनिसचा चेंडूही चालतो. पोहणारी व्यक्ती लेनच्या दोराला अधूनमधून हात घासत सरळ रेषा धरून येते. भिंतीपासून एखाददुसरा हात उरला की काठीवाला तिच्या डोक्यावर किंवा पाठीवर हलकेच टप् करतो, आणि ती तिथल्या तिथे वळते. टपली लवकर पडली तर वेळ वाया जातो, उशिरा पडली तर कपाळ भिंतीवर आदळते. म्हणून दोघांची जोडी जमावी लागते, तबला आणि पेटीसारखी. स्पर्धेत कांचनमालाच्या गटातल्या सगळ्यांना काळे केलेले गॉगल घालावे लागतात, म्हणजे कोणाला अंधुक दिसत असले तरी त्याचा फायदा मिळू नये. सरावाला मात्र खर्च किती? एक काठी आणि एक चेंडू. ‘आमच्याकडे तशी सोय नाही’ म्हणणाऱ्यांनी ही सोय आधी मोजून बघावी.

बाकीच्या तयारीचेही बरेचसे असेच आहे. पायाच्या हौदाशेजारून सपाट वाट काढली, किंवा हौदावर टाकायला एक फळकूट ठेवले, की व्हीलचेअर काठापर्यंत येते. काठावरून पाण्यात उतरणे हे मणक्याला दुखापत झालेल्या माणसासाठी मोठे काम. पायांना संवेदना नसते. खरखरीत फरशीवर कातडी सोलली तरी त्याला कळत नाही, आणि अशी जखम महिनोन्महिने भरत नाही. म्हणून काठावर जाड सतरंजी किंवा योगासनाची चटई अंथरावी, आणि तो सांगेल तसेच त्याला धरावे. काखेत हात घालून उचलण्याची हौस आवरावी. एकदा पाण्यात गेला की तो आपला आपण सावरतो. छातीपर्यंतच्या पाण्यात शरीराचे वजन जेमतेम एक तृतीयांश भासते. जमिनीवर पाय न उचलणाऱ्या माणसाला तिथे अंग हलके झालेले जाणवते, आणि ते सुख कुठल्याही पदकाच्या आधीचे आहे.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे स्नायू गार पाण्यात आवळतात, त्याला उन्हे वर आल्यावरची बॅच बरी. हा अपवाद त्याच्या शरीराने मागितलेला असावा, मंडळाने लादलेला नसावा. कर्णबधिर मुलांना शिट्टी ऐकू येत नाही, तेव्हा लाइफगार्डने हाताच्या चार खुणा ठरवून घ्याव्यात. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे सांधे सैल असतात. डॉक्टरांनी मान तपासून होकार दिल्याखेरीज त्यांना सूर मारायला लावू नये. फिट्स येणाऱ्यांबरोबर पाण्यात एक माणूस फक्त त्यांच्यावर लक्ष ठेवणारा हवा. हे सगळे एका कागदावर मावते, आणि तो कागद कोचने अर्ज भरतानाच पालकांसमोर बसून लिहावा.

ऑटिस्टिक मुलांचा मुद्दा वेगळा आणि जास्त निकडीचा आहे. त्यांतल्या अनेकांना पाण्याची विलक्षण ओढ असते. घरातून नजर चुकवून निघालेले मूल तळ्याकडे, नाल्याकडे जाते, आणि बुडण्याचा धोका त्यांना इतर मुलांपेक्षा कितीतरी अधिक असतो. अशा मुलाला टँकवरून परत पाठवणे म्हणजे त्याची सुरक्षितता राखणे नव्हे. मुंबईच्या जिया रायला ऑटिझम आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये ती वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंतचे 36 किलोमीटर 8 तास 40 मिनिटांत पोहली. पुढच्या वर्षी पाल्कची सामुद्रधुनी आणि 2024 मध्ये इंग्लिश खाडी तिने पार केली. प्रत्येक मुलाने खाडी पार करावी असे कोणी म्हणत नाही. 25 मीटर पार करून काठ धरता आला तरी घरच्यांना रात्री झोप लागेल.

वेगळी बॅच का नको, हे इथे सांगितले पाहिजे, कारण भल्या मनाची माणसे पहिल्यांदा तीच सुचवतात. वेगळी बॅच नेहमी नको त्या वेळेला ठेवली जाते, तिला नवशिका कोच मिळतो आणि पाण्याची गळती निघाली की पहिली कुऱ्हाड तिच्यावर पडते. 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, बॅनर लागतो, पाहुणे येतात, केळी आणि बिस्किटांचे पुडे वाटले जातात; 4 तारखेला तोच मुलगा पुन्हा खिडकीवर. याउलट एकाच बॅचमध्ये पोहणाऱ्यांना एकमेकांची सवय होते. खेड्यात विहिरीवर हे आपोआप घडत आले आहे. कमरेला वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधून पोरे पोहायला शिकत, त्यांत पोलिओने पाय बारीक झालेला एखादा असे, आणि खांद्याच्या जोरावर तोच कधी कधी सगळ्यांच्या पुढे निघे. विहिरीवर लाइफगार्ड नसे आणि दुर्घटनाही होत, तेव्हा तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण तिथे खिडकी नव्हती, हेही खरे.

कायद्याची बाजू थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 वर नेले. त्याच्या कलम 30 नुसार दिव्यांगांना खेळांत सहभागी करून घेण्यासाठी उपाय योजणे हे सरकारचे कर्तव्य आहे. सार्वजनिक इमारती त्यांना वापरण्याजोग्या करण्यासाठी पाच वर्षांची मुदत होती. नियम जून 2017 मध्ये आले, म्हणजे ती जून 2022 मध्येच उलटली. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाख 63 हजार दिव्यांगांची नोंद आहे. पालिकेचा तलाव त्यांच्याही घरपट्टीतून बांधलेला असतो. तो चालवायला ठेकेदाराला दिला, म्हणून हे कर्तव्य ठेक्यात वाहून जात नाही; ठेक्याच्या अटींतच दोन जागांची अट घालावी.

आता कोणी काय करावे. मंडळाच्या कार्यकारिणीने येत्या सभेत दोन जागांचा ठराव मांडावा, आणि सोबत येणाऱ्या मदतनिसाचे तिकीट माफ करावे. बारा वर्षांच्या दिव्यांग मुलाला घेऊन आलेल्या आईने कुठल्या खोलीत कपडे बदलायचे, हा प्रश्न आज बहुतेक टँकवर अनुत्तरित आहे; आतून कडी लागणारी एक रुंद दाराची खोली केली की तो सुटतो. कोच मंडळींनी ‘मला हे शिकवता येत नाही’ म्हणायला लाजू नये. पोहणाऱ्यालाच विचारावे, त्याच्या फिजिओथेरपिस्टशी एकदा बोलावे. शेवटी तेही पोहणेच आहे: श्वास, तरंगणे, पाय मारणे, याच क्रमाने.

सभासदांकडून अपेक्षा त्याहून कमी आहे. शेजारच्या लेनमधल्या माणसाकडे टक लावून बघू नये, त्याने एक फेरी पुरी केली म्हणून टाळ्याही वाजवू नयेत. कॉलेजच्या पोरापोरींनी आठवड्यातून दोन सकाळी काठी धरायला यावे. शिकायला अर्धा तास पुरतो.

आणि ज्यांच्या घरात पोहायला आसुसलेले एखादे दिव्यांग माणूस आहे, त्यांनी या वर्षी खिडकीवरून तोंडी उत्तर घेऊन परत फिरू नये. अर्ज लेखी द्यावा, सोबत यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राची प्रत आणि डॉक्टरांचा दाखला जोडावा, शिक्क्यासह पोच घ्यावी. नकार मिळालाच तर तोही लेखी मागावा.