नळीतली तार

आमच्या तालुक्याचे नाव केळापूर आणि तालुक्याची कचेरी पांढरकवड्याला. बाहेरगावच्या पाहुण्याला हे समजावून सांगताना माझी दरवेळी तारांबळ उडते. (जाता जाता सांगतो, ‘तारांबळ’ या शब्दाचा तारेशी काही संबंध नाही. तो लग्नातल्या ‘ताराबला’वरून आला असे जाणकार सांगतात. पण आज मी जे सांगणार आहे, त्यात तारेचाही संबंध आहे आणि तारांबळीचाही.) केळापूर हे जगदंबेचे गाव. नवरात्रात इथे पाय ठेवायला जागा नसते. एरवी गावाच्या अंगावरून जाणारा महामार्ग तेवढा गजबजलेला. पूर्वी त्याचा नंबर ७ होता, आता ४४ आहे. नंबर बदलला तरी नागपूर-हैदराबादचे ट्रक तेच, आणि त्यांचा वेगही तोच. म्हणून आमच्याकडची पोरे सायकल घेऊन त्या रस्त्याला लागत नाहीत. ती पांदणीने जातात.

ज्या वाचकांनी पांदण पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. पांदण म्हणजे दोन शेतांच्या मधून जाणारी गाडीवाट. उन्हाळ्यात ती धुळीची असते, आणि मृगाचे दोन पाऊस पडले की ती कशाची असते हे सांगायला मराठीत शब्द अपुरे आहेत. आमची काळी माती पऱ्हाटीला मानवते; सायकलीला मानवत नाही. ती ओली झाली की चाकाला धरते, चाकाची मडगार्डला धरते आणि मग चाक फिरायचेच थांबते. माणसाने मग सायकल खांद्यावर घ्यावी आणि पुढे चालू लागावे.

माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्यांच्या काळ्या सायकलीला सळीचे ब्रेक होते. मूठ दाबली की सळ्या वर ओढल्या जात आणि रबराचे गुटके खालून रिमला लागत. सगळा कारभार उघडा. चिखल बसला तर काडीने काढावा, सळी वाकली तर गुडघ्यावर घेऊन सरळ करावी. लहानपणी मला त्या सायकलीत कळत नव्हते असे काही नव्हते, आणि त्यातूनच पुढे आपल्याला सायकलीतले कळते असा एक गैरसमज माझ्या मनात घर करून राहिला. आजची हकीकत त्या गैरसमजाची आहे.

चिरंजीव अकरावीत गेले तेव्हा त्यांनी जी सायकल पसंत केली ती माझ्या वडिलांच्या सायकलीची नातही शोभली नसती. जाड टायरांची, पुढे तीन आणि मागे सात चक्रांची, एकवीस गिअरची. डोंगरातली सायकल म्हणतात तिला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात, १९७०च्या दशकात काही हौशी मंडळी जुन्या जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगरउतारावरून खाली येऊ लागली, आणि १९७७ साली जो ब्रीझ नावाच्या कारागिराने याच कामासाठी म्हणून नवी फ्रेम घडवली. ती कल्पना पुढे साऱ्या जगात गेली. आमच्या पांदणीत डोंगर नाही. पण चिखल मरिनपेक्षा कमी निघायचा नाही अशी माझी खात्री आहे.

पहिल्याच पावसाळ्यात गिअर अडू लागले. एक खटका दाबला की गिअर बदलत नसे, दुसरा दाबला की दोन एकदम बदलत. मागचा ब्रेक दाबला तर लागे, सोडला तर सुटत नसे. मी चष्मा लावून सायकलीपुढे उकिडवा बसलो, आणि प्रामाणिकपणे सांगतो, कारण मला सापडले. हँडलपासून निघालेली तार थोडे अंतर नळीतून येते, मग फ्रेमच्या दांड्यावर एका खोबणीत नळी संपते, तिथून तार उघडीच पुढे जाते, पुन्हा दुसऱ्या खोबणीपाशी नळीत शिरते. गिअरच्या तारा तर पायडलाच्या खाली, जिथे पुढच्या चाकाचा सगळा चिखल येऊन आपटतो, तिथून उघड्या वळलेल्या. उघड्या तारेवर चिखल बसतो, तार ओढली की तो तिच्याबरोबर नळीत शिरतो, आणि नळीत वाळला की सिमेंट. वजन वाचावे आणि तार हलकी चालावी म्हणून असे करतात. कोरड्या मुलखात ते बरोबरही असेल.

उपायही सापडला. हँडलपासून मागच्या चाकापर्यंत एकच सलग नळी घालायची. मध्ये तार कुठे उघडी ठेवायचीच नाही. डोंगरउतारावर चिखलातून जाणारे लोक हेच करतात. तार थोडी जड चालते, कारण घर्षण वाढते. पण चिखल आत जात नाही. अडचण एवढीच, की फ्रेमवरच्या खोबणींना तारेपुरतेच भोक असते, नळी त्यातून जात नाही. काहीजण ते भोक ड्रिलने मोठे करतात. मला ते धाडस नव्हते. नळी खोबणीच्या शेजारून न्यावी आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी फ्रेमला बांधावी, असे मी ठरवले. तेही चालते.

नागपूरला पेपर तपासायला गेलो होतो तेव्हा गिअरची नळी मीटरवर घेऊन आलो. घेताना ‘जरा जास्तच द्या’ म्हणालो. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे.

ते दोन दिवस मी फार सुखात होतो. अंगणात पोते अंथरले, शेजाऱ्याची कानस आणली, सौभाग्यवतींचे दाभण विचारून घेतले. पेपर तपासणाऱ्या माणसाला हाताने काही करून दाखवण्याची संधी फार क्वचित मिळते. नळी पक्कडीने कापली की तिचे तोंड चेपते. म्हणून ते कानशीने सपाट करायचे, आतले प्लॅस्टिक मिटलेले असते ते दाभणाने उघडायचे, मग टोकाला टोपी बसवायची. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहायचे. नळी आखूड झाली तर वळताना ताणते, लांब झाली तर कोपऱ्यात अडकते. चिरंजीव शेजारी बसून पट्ट्या देत होते. मी त्यांना ‘डिरेलर’ या शब्दाची व्युत्पत्ती सांगितली. शब्द फ्रेंच, अर्थ, रुळावरून उतरवणारा. साखळीला एका चक्रावरून ढकलून दुसऱ्यावर उतरवतो म्हणून. ते म्हणाले, “बाबा, पट्टी आवळा ना.”

गिअर सुरेख चालू लागले. आणि नळी उरली. चांगली हातभर नव्हे, मागच्या ब्रेकला पुरेल एवढी.

आता नळीची जात सांगितली पाहिजे, कारण सारे रामायण तिच्यावरून आहे. ही नळीतली तार अर्नेस्ट बौडन याच्या नावाने ओळखली जाते; त्याला इंग्लंडमध्ये तिचे पेटंट १८९६ साली मिळाले. तिची मौज अशी, की आपल्याला वाटते काम तार करते. ते अर्धेच खरे. तार जितक्या जोराने ओढली जाते तितक्याच जोराने बाहेरची नळी दाबली जाते. नळी आखडली तर ओढलेली तार फुकट. ब्रेकच्या नळीत पोलादाची चपटी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. ती कितीही दाबा, वेटोळ्यावर वेटोळे बसते, फुटत नाही. मात्र दाबाने आणि वळणाने ती किंचित आखडते. ब्रेकला त्याने बिघडत नाही. मूठ केसभर जास्त दाबावी लागते इतकेच. गिअरला मात्र ते चालत नाही. १९८४ साली जपानच्या शिमानो कंपनीने खटक्याचे गिअर आणले, तेव्हापासून दर खटक्याला तार मोजून सरकते. आमच्या सात चक्रांच्या सायकलीत सुमारे ३ मिलिमीटर. त्यात नळीने अर्धा मिलिमीटर खाल्ला की साखळी दोन चक्रांच्या मध्ये कुरकुरत बसते. म्हणून गिअरच्या नळीत तारा गुंडाळलेल्या नसतात. लांबीच्या दिशेने, केरसुणीच्या काड्यांसारख्या उभ्या रचलेल्या असतात आणि वरून नुसते प्लॅस्टिक. ती आखडत नाही. पण त्या काड्यांना एकत्र धरून ठेवायला प्लॅस्टिकशिवाय कोणी नाही. गिअरच्या हलक्या ओढीला ते पुरते. ब्रेकचा जोर आला, की काड्या प्लॅस्टिक फाडून बाहेर येतात.

हे सगळे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मला एवढेच माहीत होते की नळी उरली आहे, ती काळी आहे, आणि ब्रेकची तार तिच्यातून जरा अडखळत का होईना, जाते. जाडी वेगळी होती, हे दिसत होते. ब्रेकची ५ मिलिमीटर, ही ४. मी म्हटले, बारीक म्हणजे अधिक सफाईदार.

नऊ दिवस ब्रेक उत्तम लागला. दहाव्या दिवशी, पाऊस भुरभुरत असताना, नाल्याच्या मोरीकडे जाणाऱ्या उतारावर समोर बैलगाडी आली. चिरंजीवांनी दोन्ही ब्रेक दाबले. मागची नळी दांड्याखालच्या वळणावर फुटली आणि मूठ एकदम हँडलला टेकली. राहिला पुढचा ब्रेक. ओल्या उतारावर एकट्या पुढच्या ब्रेकने जे होते ते झाले. मुलगा हँडलवरून पुढे गेला. गाडीवान भला माणूस. त्याने पोराला धुरेवर बसवून घरी आणले. हनुवटीला तीन टाके पडले. खोटे कशाला बोलू, टाके घालताना मीच बाहेर बाकावर बसलो, आत सौभाग्यवती गेल्या.

संध्याकाळी शेजारीपाजारी आले. कसे झाले, काय झाले. मी म्हणालो, “माल खोटा निघाला हो. हल्ली कशातच राम राहिला नाही.” हे वाक्य माझ्या तोंडून इतके सहज गेले की मला स्वतःलाच ते खरे वाटले. चार जणांनी माना डोलावल्या. एकाने नागपूरच्या दुकानदारांना शिव्याही घातल्या.

दुसऱ्या दिवशी सायकल ढकलत पांढरकवड्याला आमच्या ओळखीच्या सायकलवाल्या दादांकडे नेली. चिरंजीव हनुवटीला पट्टी लावून बरोबर होते. दादांचे वय साठीचे. मी त्यांच्याकडे आधीच का आलो नाही, हे त्यांनी विचारले नाही. फुटलेली नळी त्यांनी बोटात धरली, बाहेर आलेल्या तारांवरून अंगठा फिरवला आणि खालच्या आवाजात म्हणाले, “सर, हे तं गिअरचं आऊटर होय जी. ब्रेकले नाही चालत.”

“असं का?” मी म्हणालो.

दादांनी माझ्याकडे पाहिले, पोराकडे पाहिले आणि आत निघून गेले. आतून ब्रेकच्या आऊटरचा तुकडा आणून माझ्या हातावर ठेवला. “टोकाकडून पाहा. यात स्प्रिंग दिसते, त्यात काड्या.” एवढेच. पुढे एक अक्षर नाही. पस्तीस वर्षे दुकान चालवणाऱ्या माणसाला कुणाची चूक कुणासमोर किती सांगायची हे आमच्यापेक्षा चांगले समजते. आम्ही तर विद्यार्थ्याचा ऱ्हस्व-दीर्घ साऱ्या वर्गासमोर काढतो.

मला वाटले होते, चिरंजीवांनी ऐकले नसेल. ते फळीवरच्या घंट्या पाहत होते. परत येताना महामार्ग ओलांडून आम्ही पांदणीला लागलो. सायकल मीच ढकलत होतो. बरेच अंतर कोणी बोलले नाही. मग मी सांगितले. नळी खोटी नव्हती. मीच चुकीची घातली, उरली होती म्हणून घातली, आणि जाडी वेगळी आहे हे दिसत असूनही कुणाला विचारले नाही. सांगताना माझी वाक्ये नेहमीसारखी नीट होत नव्हती.

चिरंजीव म्हणाले, “मला दुकानातच कळलं, बाबा.” मग थोड्या वेळाने, “काल त्या काकांना पण सांगाल का? ते दुकानदाराला उगाच बोलत होते.”

सांगितले. तीन घरी जाऊन सांगितले, चौथे घर गावाला गेले होते. एकाने चहा दिला. एकजण हसला. तिसऱ्या घरी आजी होत्या. त्यांनी नळीचे काही न ऐकता पोराच्या जेवणाची चौकशी केली.

ब्रेकची नवी नळी चिरंजीवांनी स्वतः बसवली, मी पट्ट्या दिल्या. कापल्यावर प्रत्येक तुकड्याचे तोंड ते उजेडाकडे धरून पाहत होते. मागच्या चाकापाशी वळण थोडे जास्त ठेवले गेले आहे; ती नळी आता खड्ड्यात फ्रेमवर टक टक वाजते. आखूड करू का म्हणून मी विचारले, तर ते म्हणाले, राहू द्या, हँडल पुरते वळते ना. वेचणी सुरू झाली आहे, पांदण वाळली आहे, आणि सकाळी ते निघाले की ती टकटक नाल्यापर्यंत ऐकू येते. उतारावर ती क्षणभर थांबते. तोपर्यंत मी हातातला चहा खाली ठेवत नाही.