शिबिर झाले, रक्त नेले. अहवाल कुठे आहे?

विदर्भातील आपल्या वस्त्यांत वर्षातून एक-दोनदा तरी आरोग्य शिबिर होते. कधी १४ एप्रिलच्या निमित्ताने, कधी राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांचा सात दिवसांचा मुक्काम असतो तेव्हा, तर कधी वैद्यकीय महाविद्यालयाची गाडी येते तेव्हा. विहारात टेबले लागतात, बॅनर बांधले जाते, पाहुण्यांचे स्वागत होते. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन तपासले जाते. दुपारी गाडी परत जाते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते की इतक्या नागरिकांनी लाभ घेतला. त्या नागरिकांचे पुढे काय झाले, याची बातमी मात्र कधी येत नाही.

मी विहार समितीत काम करतो. अशी शिबिरे भरवण्यात माझाही हात आहे, म्हणून चूक सांगताना आधी स्वतःची सांगतो. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाने आमच्या विहारात सिकलसेल तपासणी ठेवली. मुलामुलींच्या बोटातून रक्त घेतले. माझ्या पुतणीला तोंडीच सांगितले, "पॉझिटिव्ह दिसते, मोठ्या दवाखान्यात दाखवा." हातात कागद नाही, पुढची तारीख नाही. पोरगी ठणठणीत होती, घरचे विसरले, मीही विसरलो. पुढे तिचे लग्न झाले. बाळ आठ महिन्यांचे असताना त्याचे हातपाय सुजले, रडणे थांबेना. तपासणीत कळले की नवरा-बायको दोघेही वाहक आहेत आणि बाळाला आजार आहे. शिबिराच्या यादीत पुतणीचे नाव होते. ती यादी महाविद्यालयाने आम्हाला दिली नाही आणि आम्ही मागितलीही नाही.

सिकलसेल आपल्या समाजाला नवा नाही. भारतात तो प्रथम १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींमध्ये आढळला आणि त्याच दशकात नागपूरकडे पूर्वाश्रमीच्या महार समाजातही. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. २०४७ पर्यंत हा आजार संपवण्याचे उद्दिष्ट आहे आणि त्यासाठी ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आहे. पण अभियानाचा भर आदिवासी भागांवर आहे. आदिवासी बांधवांना ते मिळालेच पाहिजे. मात्र विदर्भातील बौद्ध वस्त्या त्यातून सुटू नयेत, हे पाहणे आपले काम आहे.

बोटातून रक्त घेऊन होते ती प्राथमिक चाचणी. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यावरून ठरत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी चाचणी लागते. म्हणजे शिबिरात काम निम्मेच होते. उरलेले निम्मे झाले नाही, तर पहिल्या निम्म्याचा उपयोग फक्त आकडा फुगवण्यापुरता. वाहकाला सहसा काही त्रास नसतो, औषधही लागत नाही. पण दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे आधी माहीत असेल तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच गर्भाची तपासणी करता येते. आजारी बाळ लवकर कळले तर लसी, फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सीयुरिया यांनी त्याचे जगणे पुष्कळ सुसह्य होते.

काही जण म्हणतील, फुकट तपासतात, त्यांना आणखी काय विचारायचे? मला हे पटत नाही. वस्तीत जाणे हा आता वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे. कुटुंब दत्तक कार्यक्रमात एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून गावातील काही कुटुंबांशी संबंध ठेवावा लागतो. ते आपल्याकडून शिकतात. आपण आपले रक्त, आपली माहिती, आपले विहार देतो. हा देण्याघेण्याचा व्यवहार आहे, उपकार नव्हे.

आणि नीट करता येते, याचे उदाहरण जवळच आहे. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ साली सुरू झाले. तिथली प्रत्येक तुकडी एक गाव घेते, विद्यार्थी पंधरा दिवस त्या गावात राहतात, प्रत्येकाकडे ठरावीक कुटुंबे असतात आणि शिबिर संपल्यावरही ते त्याच घरी परत जातात. गांधीविचाराशी आपले मतभेद आहेत आणि राहतील. पण चांगली पद्धत कुणाच्या अंगणात वाढली, हे पाहून ती नाकारू नये. त्या पद्धतीचे मर्म एवढेच आहे की तोच विद्यार्थी त्याच दारी पुन्हा येतो.

म्हणून माझी सूचना अशी आहे. यापुढे विहार उघडून देण्यापूर्वी समितीने चार गोष्टी लेखी ठरवाव्यात. प्रत्येकाचा अहवाल कागदावर, त्याच्याच हाती मिळेल. दुसरी चाचणी कुठे व कधी, हे त्याच दिवशी सांगितले जाईल. अहवाल समजावून सांगायला पथक महिनाभरात परत येईल. आणि वस्तीतील आशाताईंना पाठपुराव्याची यादी, संबंधितांच्या संमतीने, मिळेल. हे मान्य नसेल तर हार-तुरे नकोत आणि फोटोही नकोत.

आपल्यालाही काही करावे लागेल. आपण पत्रिका जुळवणे सोडले, हे चांगलेच केले. पण वधू-वर परिचय मेळाव्यात सिकलसेलचा अहवाल विचारला की अजूनही चेहरे उतरतात. मुलीचे जमणार नाही म्हणून कार्ड कपाटात दडवले जाते आणि आजारी बाळ झाले की दोष तिच्याच माथी मारला जातो. आजार आई आणि वडील दोघांकडून येतो. वाहक असणे हा कलंक नाही, ती फक्त माहिती आहे. ज्या घरात रुग्ण आहे त्यांनी हेही लक्षात ठेवावे की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करताना संकोच कशाला?

आज आपलीच मुले-मुली वैद्यकीय महाविद्यालयांत शिकत आहेत. त्यांना माझे सांगणे आहे की शिबिराच्या गाडीतून तुम्ही वस्तीत याल, तेव्हा नोंदवहीतले प्रत्येक नाव कुणाची तरी पुतणी आहे, हे ध्यानात ठेवा. आमचे बाळ आता तीन वर्षांचे आहे, औषध नियमित चालू आहे, हसते-खेळते. पण दर तापाला घराचा जीव टांगणीला लागतो. तेव्हा एक कागद वेळेवर हाती पडला असता, तर निदान तयारी तरी झाली असती. पुढचे शिबिर ठरवताना आम्ही पहिला प्रश्न विचारणार आहोत, "परत कधी येणार?" तुम्हीही विचारा.