मधाचा हिशेब झाला, परागीभवनाचे काय?

कांद्याचे भाव भडकले की शहरांत गदारोळ होतो. कांद्याच्या बियाण्याची चर्चा मात्र क्वचितच होते. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ऑक्टोबरअखेर बियाण्याच्या निर्यातीवरही. पावसाने झालेले रोपवाटिकांचे नुकसान हे त्यामागील एक कारण होते. परंतु या घडामोडीने एक गोष्ट अधोरेखित केली. कांद्याचे बी साधारण वर्षभरानंतर उगवणशक्ती झपाट्याने गमावते. त्यामुळे त्याचा मोठा साठा करून ठेवता येत नाही. ते दरवर्षी नव्याने पिकवावेच लागते. आणि ते पिकणे मधमाश्यांवर अवलंबून आहे.

बीजोत्पादनासाठी निवडक कांदे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा लावले जातात. त्यांना येणाऱ्या डोंगळ्यांच्या टोकाला शेकडो लहान फुलांचा गोंडा असतो. प्रत्येक फुलातील पुंकेसर आधी पक्व होतात, स्त्रीकेसर नंतर. साहजिकच एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलावर पोचविणारा वाहक आवश्यक ठरतो. फुलाच्या तळाशी पाझरणारा मकरंद हे त्या वाहतुकीचे भाडे होय.

फिका पडणारा मकरंद

हे भाडे फारसे आकर्षक नाही, ही खरी अडचण आहे. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियमचे प्रमाण जास्त असते आणि मधमाश्यांना ते रुचत नाही. जवळपास दुसरे चांगले फुललेले पीक असेल, तर त्या तिकडे वळतात. त्यांना शेताकडे ओढण्यासाठी काही शेतकरी गुळाचे पाणी शिंपडतात.

दुसरीकडे, याच फुलोऱ्याच्या काळात फुलकिड्यांचा प्रादुर्भाव होतो आणि कीटकनाशकांची फवारणी सुरू होते. फवारणी किडीवर होते. पण मकरंदासाठी आलेल्या माशीलाही तिचा फटका बसतो. ज्या पिकाकडे माशी मुळातच अनुत्सुक आहे, तेथे ही चूक अधिक महागात पडते.

युरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या तीन कीटकनाशकांचा खुल्या शेतातील वापर बंद केला. मधमाश्यांना असलेला धोका हेच त्याचे कारण होते. भारतात सरसकट बंदीची चर्चा वादग्रस्त ठरते, कारण पर्यायी औषधांचा खर्च शेतकऱ्यालाच सोसावा लागतो. परंतु फुलोऱ्यात फवारणी टाळणे आणि अपरिहार्य असल्यास माश्या पोळ्याकडे परतल्यावर सायंकाळी ती करणे, यासाठी बंदीची गरज नाही.

धोरण मधापुरतेच?

सरकारने मधमाश्यांकडे दुर्लक्ष केले, असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय मधुमक्षिकापालन व मध अभियानासाठी २०२० मध्ये ५०० कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून पुढे आले. अभियानाच्या उद्दिष्टांत परागीभवनाचाही उल्लेख आहे. मात्र यशाची मोजदाद प्रामुख्याने मधाचे उत्पादन, निर्यात आणि वाटलेल्या पेट्या यांतच होते. एखाद्या तालुक्यात मधमाश्यांमुळे किती बी जास्त भरले, याचा हिशेब सहसा मांडला जात नाही.

शिवाय पेट्यांनी सारा प्रश्न सुटत नाही. सातेरी आणि मेलिफेरा माश्या पेटीत पाळता येतात. आग्या माशी येत नाही. ती उंच झाडांवर, कड्यांवर आणि शहरातील इमारतींच्या सज्जांखाली पोळी बांधते. सोसायट्यांत अशी पोळी दिसताच ती जाळण्याकडे कल असतो. दंशाची भीती खरी आहे. पण प्रशिक्षित माणसाकडून पोळे हलविण्याचा मार्गही उपलब्ध आहे.

बियाणे, खत आणि पाणी यांची किंमत शेतकरी मोजतो आणि सरकार त्यांचा हिशेब ठेवते. परागीभवन मात्र आजवर फुकट मिळत आले, म्हणून ते कोणत्याच खर्चात धरले गेले नाही. कृषी खात्याने बीजोत्पादनाच्या पट्ट्यांत त्याची नियमित नोंद सुरू करावी. फुकट मिळणारी सेवा बंद पडली, तर तिची किंमत शेतकऱ्याबरोबर शहरी ग्राहकालाही मोजावी लागेल.