थांबा, आईला देतो

लातूरच्या ट्यूशन एरियात रात्री आठच्या सुमाराला एक वाक्य हमखास कानावर पडतं. गावाकडून वडिलांचा फोन येतो. ‘टेस्ट झाली का? किती पडले?’ आकडा सांगून होतो आणि पोरगं म्हणतं, ‘थांबा, आईला देतो.’ झालं बाप-लेकाचं बोलणं. नांदेडच्या श्यामनगर-भाग्यनगरातल्या भाड्याच्या खोल्यांतही याहून वेगळं काही नाही.

शाहू महाविद्यालयातून निघालेल्या ‘लातूर पॅटर्न’नं गुणवत्ता यादी कशी गाठायची ते राज्याला दाखवलं, आज त्याच वाटेनं ‘नीट’ची पोरं येतात. त्यातून एक घरगुती पॅटर्नही तयार झाला, त्याच्या जाहिराती मात्र कुणी लावत नाही. आई लेकराला घेऊन दोन वर्षं लातुरात, बाप मुखेडला, देगलूरला, उदगीरला. त्याच्याकडे फी आणि चौकशी. हे खटकतं असं म्हटलं, की ठरलेली उत्तरं येतात.

‘आमच्या बापानं कधी आम्हाला जवळ घेतलं? आम्ही वाढलोच की!’ हे उत्तर मी हसण्यावारी नेत नाही, कारण त्यात तथ्य आहे. थोरामोठ्यांसमोर बापानं स्वतःचं लेकरू उचलणं आमच्याकडे निर्लज्जपणात मोडायचं. वडिलांनी मला उचलल्याची माझी पहिली आठवण माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतली आहे. घोड्यांच्या बाजारात गर्दी होती आणि आजोबा सोबत नव्हते. पण एरवी मी पोरका नव्हतो. आजोबांची मांडी होती, चुलत्याच्या सायकलचा दांडा होता, बैलाचा कासरा हातात देणारा सालगडी होता. घरात चार पुरुष जवळ होते म्हणून बापाला लांब राहणं परवडलं. ती माणसं गेली, ओसरी गेली. बापाचं लांब बसणं तेवढं आपण वारसा म्हणून जपलं. दोन खोल्यांच्या घरात बापही लांब बसला, तर पुरुष कसा असतो हे पोरगं शिकणार कुणाकडून? मोबाइलमधल्या कुणा दाढीवाल्याकडून.

दुसरं उत्तर पोटाचं. ‘मग कमवायचं कुणी?’ मोंढ्यात पोती वाहणाऱ्या हमालाला मी हा लेख वाचून दाखवणार नाही. ऊसतोडीला जाणारा तर लेकरू फडातच घेऊन जातो, कारण कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. त्यांच्या वाट्याला जे येतं त्याला निवड म्हणत नाहीत. पण हे उत्तर माझ्याशी ज्यांनी वाद घालून दिलं, त्यांत हमाल एकही नव्हता. मास्तर होते, कारकून होते, दुकानदार होते. संध्याकाळी दोन तास हॉटेलात राजकारणाचा निकाल लावायला त्यांना सवड असते. (मीही त्यात असतो, म्हणून तर माहीत.)

लेकरू म्हणजे आईचं काम, सरकारही याच समजुतीचं. 2017 च्या दुरुस्तीनं नोकरदार आईची बाळंतपणाची रजा 26 आठवडे झाली, हे उत्तमच. केंद्र सरकारी कर्मचारी असलेल्या बापाला 15 दिवस मिळतात, खासगी नोकरीतल्या बापाला कायद्यानं एक दिवसही नाही. शाळेत ‘माता-पालक संघ’ भरतो. आणि 1956 च्या हिंदू पालकत्वाच्या कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून नाव कुणाचं आधी? बापाचं. आई ‘त्याच्यानंतर’. मानाला पुढं, कामाला मागं. बापांनी संघटना करून रजा मागितल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

उरला धाक. ‘जवळ गेलं की पोरगं डोक्यावर बसतं.’ धाकाचा उपयोग पोरगं पास होतं तोवरच. ज्या दिवशी मार्क घसरतात, झोप उडते, त्या दिवशी धाक असलेल्या माणसाला ते काही सांगत नाही. आईला सांगतं, नाहीतर कुणालाच नाही. लातुरात राहणाऱ्यांना याचा अर्थ उलगडून सांगायला नको. आणि जवळिकीनं मान जातो म्हणावं, तर ज्ञानेश्वरांना आपण माउली म्हणतो. शेजारच्या गंगाखेडच्या जनाबाईनं विठ्ठल पाहिला तो अंगाखांद्यावर लेकरं घेतलेला. कमी झाला का त्याचा मान?

तेव्हा उदगीरकरांनो, रविवारी सकाळची एसटी धरा. मार्क विचारू नका. गंजगोलाईत फिरवा, केस कापायला सोबत न्या, हॉटेलातल्या भाजीला दोघं मिळून नावं ठेवा. पहिल्या दोन रविवारी बोलणं जमणार नाही. तो मोबाइल पाहील, तुम्ही पेपर वाचाल. वाचा.

आणि ज्यांचं लेकरू अजून पाळण्यात आहे, त्यांनी लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीबाहेर गाडी चालू ठेवून थांबू नये. आत जाऊन मांडीवर घ्यावं. सुई टोचली की लेकरू ज्याच्या मांडीवर असतं, त्याचाच शर्ट घट्ट धरतं.