जोडीत जोकर चालत नाही

इथे सगळे जुन्या बुऱ्हाणपूरच्या आठवणी लिहितात, मी आवडीने वाचतो. आज आठवणीसोबत थोडं मतही मांडतो. पटलं तर घ्या, नाही पटलं तर म्हाताऱ्याची बडबड समजा.

माझं मत असं की चौथा भिडू मिळत नाही म्हणून डाव गुंडाळू नये. दोघंच उरलात तर दोघांचा खेळ खेळा.

आमच्या लहानपणी उन्हाळ्यात राजघाटावरून तापीत डुंबून आलो, की ओसरीवर मेंढीकोट. दोन जोड्या, चार भिडू, दश्श्या पकडायच्या आणि भांडायचं. एखादा कमी पडला तर शेजारी हाक मारायची, कोणीतरी यायचंच. आता हाक मारायची कोणाला? एका शेजाऱ्याकडे कुलूप, दुसऱ्याचं घर विकलेलं. मुलं पुण्याला, इंदूरला. आमची मुलगी न्यू जर्सीला.

दोन वर्षांपूर्वी ती म्हणाली, "बाबा, आता कायमचे इकडे या." मी तयार होतो. ही नाही. "मी माझी तुळस आणि ओटा सोडून येणार नाही," एवढंच म्हणाली. मी चिडलो. मंडळी, खरं सांगतो, चार-पाच महिने आमच्या घरात "जेवायला वाढू का" आणि "गॅस आला का" याच्या पलीकडे बोलणं नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं.

त्या दिवाळीत मुलगी आली ती एक जड पेटी घेऊन. आत अमेरिकन माहजोंग. तिकडे ती मैत्रिणींबरोबर खेळते. खेळ मूळचा चीनचा. १९२०च्या दशकात अमेरिकेत त्याचं वेड पसरलं आणि जो तो आपापले नियम लावू लागला. मग १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये काही ज्यू बायकांनी संस्था काढून नियम पक्के केले. ती संस्था आजही दर वर्षी नवं कार्ड काढते. कोणत्या सोंगट्या जुळल्या की डाव जिंकला, ते त्यावर छापलेलं असतं. त्यामुळे जुन्या खेळाडूला पाठांतराचा तोरा मिरवता येत नाही. दर वर्षी सगळ्यांना पुन्हा शिकावं लागतं. मला हे फार आवडलं.

एकूण सोंगट्या १५२. त्यांत आठ फुलं आणि आठ जोकर. बांबूंना ही बांबूच म्हणते, गोल ठिपक्यांना "टिकल्या" म्हणते आणि चिनी अक्षरांच्या सोंगट्यांना "चिनी". एक ड्रॅगन पांढरा असतो, त्याला अमेरिकन बायकाही "साबण" म्हणतात. हे ऐकून ही त्या दिवशी कितीतरी दिवसांनी हसली.

पण खेळ चौघांचा. मुलगी परत गेली आणि पेटी कपाटावर चढली. महिनाभराने फोनवर तिनेच सांगितलं, दोघांचाही प्रकार आहे. प्रत्येकासमोर दोन पट्ट्या आणि दोन हात. चौदा-चौदा सोंगट्यांचे दोन डाव जुळवायचे, ज्याचे दोन्ही आधी जुळले तो जिंकला. थोडक्यात, दोघांनी चौघांचं काम करायचं. आमच्या वयाच्या जोडप्यांना ही सवय आहेच की!

एक गोष्ट मात्र यात गळते. चौघांच्या खेळात सुरुवातीला नको असलेल्या तीन-तीन सोंगट्या उजवीकडे, समोर, डावीकडे द्यायच्या असतात. त्याला चार्ल्सटन म्हणतात. मला ते वाड्यातल्या वाटीसारखं वाटलं. आपल्याकडची भाजी शेजारी गेली की रिकामी वाटी परत येत नसे. दोघांत चार्ल्सटन नाही. जे हाती आलं त्यातच भागवायचं.

आणि एक नियम असा की जोकर तीन किंवा जास्त सोंगट्यांच्या गटात चालतो, पण जोडीत चालत नाही. जोडीला दोन्ही सोंगट्या खऱ्याच लागतात. एका दुपारी मी जोडीत जोकर लावून "झालं!" म्हणून ओरडलो. हिने कार्ड पुढे सरकवलं आणि शांतपणे म्हणाली, "जोडीत नाही चालत. तुम्ही मला न विचारता मुलीला हो म्हणालात, तेही असंच."

मला उत्तर सुचलं नाही. मुलगी, नातू, तिथले डॉक्टर, सगळी कारणं मी पुढे केली होती. हिला काय वाटतं, हे विचारायचंच राहिलं होतं. त्या दुपारी डाव तसाच पडला आणि आम्ही दिवेलागणीपर्यंत बोलत बसलो. ठरलं ते असं: दोघं आहोत तोवर इथेच. एक उरला की त्याने हट्ट न करता मुलीकडे जायचं. हे वाक्य बोलायला आम्हाला वर्ष लागलं. समोर सोंगट्या नसत्या तर कदाचित बोललोही नसतो. नुसतं समोरासमोर बसून असं बोलणं जमत नाही, हाताला चाळा लागतो.

काही जण म्हणतील, म्हातारपणी जुगार कसला? आम्ही पैसे लावत नाही. हरेल त्याने चहा करायचा, म्हणजे बहुतेक वेळा मीच. काही म्हणतील, त्यापेक्षा नामस्मरण करा. तेही करतो. पण नामस्मरण ज्याचं त्याचं असतं, दोघांना एका पाटावर बसवत नाही.

परगावच्या मुलांना एवढंच सांगतो, आईवडिलांना टीव्ही आणि मोबाईल देता, ते चांगलंच आहे. पण ते दोघं दोन खोल्यांत बसून बघतात. एखादी वस्तू अशी द्या जी एकट्याने वापरता येत नाही. माहजोंगच पाहिजे असं नाही, पत्त्यांचा कॅट चालेल, सारीपाट चालेल.

आमच्याकडे रोज चार वाजता डाव असतो. शनवाऱ्याच्या बाजूला कोणी जोडपं असेल तर जरूर या, चौघं झालो तर चार्ल्सटन करू. कोणी आलं नाही तरी डाव मांडलेलाच असतो.